मधून की मागून

सोमवार, २ फेब्रुवारी

मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की यापुढे पायांच्या बंद रक्तवाहिन्यांच्या अवघड केसेस मी आणि तारवाला एकाच टेबलावर, एकाच वेळी करणार. मी म्हटलं, "साहेब, त्यापेक्षा मला घरी बसवा." ते मनापासून हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

तारवाला म्हणजे माझा एके काळचा शिकाऊ डॉक्टर. गाठ मारायला त्याला मी शिकवलं, खुर्चीच्या पायाला दोरा बांधून, सहा महिने. पाच वर्षांपूर्वी माझ्या एका पेशंटची बायपासची शिवण दुसऱ्या दिवशी सुटली आणि माणूस दगावला. चौकशी बसली. समितीने याला विचारलं, तू शेजारी उभा होतास, तुला काय दिसलं? आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "वरचा टाका घाईत घेतला गेला. मी मॅडमना तेव्हाच म्हटलं होतं." झालं! माझ्या दारावरची विभागप्रमुखाची पाटी उतरली. मग हा दोन वर्षं बाहेर जाऊन नवं तंत्र शिकून आला. मांडीला बारीक भोक पाडायचं, तार आत सरकवायची, फुगा फुगवायचा, स्टेंट बसवायचा, दुसऱ्या दिवशी पेशंट घरी. माझे निम्मे पेशंट तिकडे वळले.

अजून मी खोलीत शिरले की उठून उभा राहतो. "मॅडम, बसा." अंगाचा नुसता तिळपापड होतो माझ्या. एवढं नाटक कशाला?

गुरुवार, ५ फेब्रुवारी

पहिली केस ठरली. आपली मशीनबाई! कपडेखोलीत पंचवीस वर्षं ऑपरेशनचे हिरवे गाऊन शिवतेय. माझ्या खांद्याचं माप तिला तोंडपाठ आहे. डाव्या अंगठ्याला दोन महिन्यांपासून जखम, भरायचं नाव नाही. रात्री पाय पलंगाखाली लोंबकळत सोडला तरच डोळा लागतो. "कपडेखोलीपासून कँटीनपर्यंत तीनदा थांबावं लागतं," म्हणाली. "लोकांना वाटतं बाई फोनवर बोलायला थांबली."

फोटो बघितले. पोटातून डाव्या पायाकडे जाणारी वाहिनी बंद, आणि जांघेत, पाय जिथे वाकतो तिथे, आतून दगडासारखा थर. पोटातला भाग खोल आणि सरळ, तिथे स्टेंट चांगला बसतो. जांघेत बसवला तर उठता-बसता मोडतो, तिथे चाकूच लागतो. म्हणजे खालचं काम माझं, वरचं त्याचं. आणि वरून रक्तच आलं नाही तर मी खाली कितीही साफ करून उपयोग नाही. एवढं मलाही कळतं.

बाईला समजावून सांगितलं तर तीच मला म्हणाली, "म्हणजे मॅडम, तुम्ही उसवून आतला मळ काढणार नि ठिगळ लावणार. आणि सर वरच्या बाजूला आतून अस्तर घालणार." साहेबांना समजावायला मला याच्या दसपट वेळ लागला होता.

"मशीन चालवता येईल ना मला?"

"पाऊल वाचलं तर येईल."

"मग वाचवा बाई. मला विजेचं मशीन दिलं होतं, मी परत केलं. पायाच्या मशीनवर चवडा टेकला की कसं आपल्या मनासारखं चालतं."

बाई फार गोड आहे. आणि केस म्हणून नुसतं सोनं आहे. वरची वाहिनी इतकी जुनी बंद पडलेली, की त्याची तार तिथे हमखास घोटाळणार. त्या दिवशी संचालक मंडळीही काचेपलीकडून बघायला येणार आहेत. येऊ देत.

रविवार, ८ फेब्रुवारी

सकाळभर पिवळी फाइल लावत बसले. तारवाल्याने घातलेले आणि पुन्हा बंद पडलेले स्टेंट. आजवर चौदा. तारखा, फोटो, सगळं.

नवरोबा चहा घेऊन आले, माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. "आणि उघडे राहिलेले किती?"

"ते मोजायचं काम माझं नाही."

"बरं बरं," म्हणाले आणि चहा ठेवून गेले. यांच्या या 'बरं बरं'चा मला भयंकर राग येतो.

बुधवार, ११ फेब्रुवारी

रंगीत तालीम. तारवाल्याने घरून बागेच्या पाइपाचा तुकडा आणला होता. आत जुनी एक्स-रे फिल्म गुंडाळून घातलेली. फिल्म म्हणजे वाहिनीतला थर. मी जांघेतली वाहिनी उघडून थर काढला, की तिथूनच तो तार वर सरकवणार. आता तार वर उरलेल्या थराच्या मधल्या भोकातून गेली तर ठीक. पण ती थराच्या मागे, थर आणि वाहिनीची भिंत यांच्या फटीत घुसली तर वाट खोटी. मग पुढे ढकललं की भिंत फाटते.

"गंमत अशी आहे मॅडम," तो म्हणाला, "मला पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. चित्र चपटं असतं. पण तार आत शिरते ते तोंड तुमच्या डोळ्यांसमोर उघडं असणार, भिंगाखाली. म्हणून तुम्ही फक्त सांगायचं. मधून, किंवा मागून. मागून म्हणालात की मी लगेच मागे घेईन."

"आणि काहीच नाही बोलले तर?"

"तर सगळं ठीक आहे समजून पुढे जाईन. प्रत्येक वेळी 'ठीक, ठीक' म्हणत बसलात तर तुमचं लक्ष जाईल. चालेल?"

"चालेल."

वीस वेळा केलं. मधून. मागून. मधून. मधून. एकदाही मी चुकले नाही, एकदाही तो माझा शब्द पडायच्या आत पुढे गेला नाही. शेवटी म्हणाला, "तुमच्यासारखी नजर कुणाची नाही." लोणी लावायला अजून तितकाच हुशार आहे.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

परवा ऑपरेशन. नवरोबांनी विचारलं, "तू पेशंटला बरं करायला चाललीस की त्याला पाणी पाजायला?"

म्हटलं, "दोन्ही एकाच दिवशी जमलं तर काय बिघडलं?"

यांनी पुन्हा वाचायला घेतलं. वर्तमानपत्र उलटं धरलं होतं, तेही लक्षात आलं नाही त्यांच्या.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

संपलं. पाय दुखताहेत, पण लिहूनच उठते.

बाईला पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर केलं होतं. बाई जागी. भूलतज्ज्ञ बाई उशाशी बसल्या होत्या, त्यांच्याशी हिच्या गप्पा. "मॅडमच्या अंगावरचा गाऊन माझा आहे, बघा, काखेत दुहेरी शिवण आहे." मी जांघ उघडली. वाहिनी चिमट्यांत धरली, उभी चिरली. थर एकसंध निघाला, अगदी सालीसारखा. माझं काम म्हणजे काम! काचेपलीकडे साहेब कुणाला तरी हात हलवून काहीतरी दाखवत होते.

मग त्याची पाळी. तार वर गेली. सरकली, अडली, पुन्हा सरकली. तो डोळे पडद्याला लावून होता. नऊ मिनिटं खटपट केली. मग बाईचा रक्तदाब एकदम कोसळला, साठवर आला. तारेने वरची भिंत फाडली होती. पोटात रक्त.

एक मान्य करते, तो गडबडला नाही. ताबडतोब उजव्या पायातून वर शिरला, फाटलेल्या जागेच्या वर फुगा फुगवून रक्त थांबवलं. मग तिथूनच दुसरी तार वरून खाली, खऱ्या वाटेने, माझ्या जखमेपर्यंत आणली. मी चिमट्याने तिचं टोक पकडून बाहेर ओढलं. आता तार दोन्हीकडून हातात, वाट पक्की. त्यावरून कापड लावलेला स्टेंट बसवून भोक बंद केलं. मी ठिगळ शिवलं. तेवढा पाऊण तास आम्ही दोघं एक शब्द न बोलता काम करत होतो आणि हात बरोबर एकमेकांच्या जागी पडत होते.

जांघेत नाडी लागली. पाऊल मात्र निळं आहे. रक्तदाब पडलेला असताना पावलातल्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या झाल्या असणार. औषध चालू आहे.

तार चुकीच्या वाटेने गेली, त्याला मी काय करू? त्या वेळी जखमेत रक्त साचत होतं, मी ते टिपत होते. माणूस सगळीकडे एकदम बघू शकत नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

तोंडघशी पडला! काचेपलीकडे सात जण होते, सातही जणांनी बघितलं. आज जिन्यावर भेटला तर चेहरा पांढराफटक, रात्रभर बाईच्या पलंगाशी बसून होता म्हणे. आता कळलं असेल, चार लोकांसमोर खाली मान घालून उभं राहणं काय असतं. पाच वर्षं मी हे गिळलंय. पाच वर्षं!

दुपारी मस्त जेवले. नवरोबा म्हणाले, "आज गुणगुणतेयस." मला कळलंही नव्हतं.

सोमवार, २३ फेब्रुवारी

पाऊल सुधारत नाही. बोटं काळी पडली. बाई म्हणते, "मॅडम, बूट पॉलिश केल्यासारखं दिसतंय नाही?" आणि माझ्या तोंडाकडे बघते, मी हसते का ते बघायला.

बुधवार, २५ फेब्रुवारी

जखमेत जंतू शिरले. थांबण्यात अर्थ नव्हता. डाव्या पावलाचा पुढचा अर्धा भाग आज काढला. पाचही बोटं आणि चवडा. मीच काढला. चाकूचं काम माझ्याकडे.

टाच राहिली. काठी घेऊन चालेल. मशीन नाही चालणार.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

साहेबांनी दार लावून घेतलं आणि एक कागद पुढे सरकवला. दोघांच्या ऑपरेशनची नोंद. यात अर्धं पान त्याने लिहायचं, अर्धं मी, आणि खाली दोघांच्या सह्या. त्याने त्याचं लिहून दिलंय. मी उभ्या उभ्या वाचलं.

"तार खोट्या वाटेने गेली, ती मी ढकलली. ठरल्याप्रमाणे मॅडमनी इशारा दिलाच असणार. यंत्राच्या आवाजात मला तो ऐकू आला नाही. चूक सर्वस्वी माझी."

साहेब म्हणाले, "तुम्ही फक्त तुमचा भाग लिहा आणि सही करा. बुधवारच्या बैठकीत मी त्याला या कामातून काढतो. आणि विभाग परत तुमच्याकडे. तुमच्यावर तेव्हा अन्यायच झाला होता, मी म्हणतच होतो."

कधी म्हणत होते कोण जाणे. पण हेच ऐकायचं होतं मला. कागद घरी घेऊन आले. पिवळ्या फाइलमध्ये ठेवला. पुन्हा काढला, वाचला, पुन्हा ठेवला.

दिलाच असणार, म्हणे. मूर्ख आहे का हा?

रविवार, १ मार्च

सही केली नाही अजून. पेन उघडून दोनदा बसले.

इथे खोटं लिहून काय मिळणार? ही वही कुणी वाचत नाही. मी रक्त टिपत नव्हते. रक्त माझा मदतनीस टिपत होता. मी भिंगातून सरळ त्या तोंडाकडे बघत होते. तार शिरली तीच मागून. पहिल्याच मिनिटाला. वर उरलेल्या थराची कड उचलली गेली आणि तार तिच्या मागे गेली, इतकं स्वच्छ, की शिकवायला फोटो काढावा. शब्द जिभेवर आला होता. मग काचेकडे नजर गेली. आणि वाटलं, जाऊ दे ना थोडा वेळ. धडपडू दे. दोन मिनिटं. सगळे बघताहेत. मग सांगू.

मूग गिळून उभी राहिले. दोनाची चार झाली, चाराची नऊ.

मला त्याची फजिती हवी होती. भिंत फाटायला नको होती. हे खरं आहे. पण भिंत फाटू शकते हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. बागेच्या पाइपावर वीस वेळा तेच तर केलं होतं.

नवरोबांना काही सांगितलं नाही. ते जेवताना दोनदा म्हणाले, "काय झालंय?" मी म्हटलं मीठ कमी आहे.

सोमवार, २ मार्च

वॉर्डात राउंडला गेले. बाई उशीला टेकून बसली होती. माझ्या हाताखालच्या मुलीला म्हणाली, "तू जरा पुढच्या पेशंटला बघ ना बाळा." आणि मला, "बसा मॅडम."

"सर रोज येतात," म्हणाली. "तासभर बसतात. काल सांगत होते, तुम्ही सांगितलं होतं त्यांना, पण त्यांना ऐकू आलं नाही. फार वाईट वाटून घेतात हो. कान तपासून आले म्हणे."

"कान?"

"हो ना. डॉक्टर म्हणाले कान चांगले आहेत." मग चादरीची शिवण बोटाने चाचपत राहिली. "मी काय म्हणते मॅडम, मी जागी होते. माझं डोकं तुमच्यापासून हातभर अंतरावर. मला सगळं ऐकू येत होतं. कात्री कुणी मागितली, घड्याळात किती वाजले. तुम्ही काम करताना सारख्या बडबडता, 'शाब्बास, निघ, ये बाहेर', हेसुद्धा ऐकलं. आणि मग तुम्ही एकदम गप्प झालात. मी मनात म्हटलं, मॅडम का बोलत नाहीत? सरांना ऐकू नाही आलं समजा. मग मला कसं नाही आलं?"

मी म्हटलं, "तुम्हाला मधे गुंगी आली असेल."

"असेल," म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता आणि तिने तो बसल्यासारखंही दाखवलं नाही.

मी उठले आणि थेट बाथरूममध्ये जाऊन दार लावलं. हात धूत राहिले.

मंगळवार, ३ मार्च

सकाळी साडेआठला त्याच्या खोलीत गेले. उठून उभा राहिला. "मॅडम, बसा."

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. म्हटलं, "मी इशारा दिला नव्हता."

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं.

"दिसलं होतं मला. मागून गेली होती. मुद्दाम बोलले नाही."

आता मी भीतीने गेले की लाजेने, हे मला अजून ठरवता येत नाही. बाई बोलली तर सगळं उघडं पडणार होतंच. थोडी भीती होती. नाही म्हणत नाही.

त्याचे कान लालबुंद झाले. शिकाऊ होता तेव्हाही राग आला की कानच लाल व्हायचे, तोंडातून ब्र निघायचा नाही. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी भांडले असते, पाच वर्षांचं सगळं बाहेर काढलं असतं.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"पहिल्या मिनिटाला दिसलं. नऊ मिनिटं."

मी नोंदीचा कागद टेबलावर ठेवला. त्याने स्वतःच्या ओळींवर सरळ एक रेघ मारली. खाली लिहिलं, 'मॅडमना तार मागून गेल्याचं पहिल्या मिनिटाला दिसलं. त्यांनी इशारा दिला नाही. नऊ मिनिटं. हे त्यांनी स्वतः सांगितलं.' जास्त नाही, कमी नाही. त्याही वेळी समितीसमोर तो असाच बोलला असणार. मी तेव्हा दाराबाहेर बसले होते, मी फक्त कल्पना केली होती त्याच्या आवाजाची, आणि पाच वर्षं ती कल्पनाच ऐकत बसले.

त्याने कागद माझ्याकडे फिरवला. मी सही केली.

"बाईंना कोण सांगणार?" तो म्हणाला.

"मी."

"मी येऊ?"

"नको."

वॉर्डात ड्रेसिंगसाठी बाईचा पाय चादरीबाहेर काढला होता. मी नर्सला बाहेर पाठवलं. स्टूल ओढलं, बसले, आणि जे झालं ते सांगितलं. पाल्हाळ लावलं नाही. दिसलं होतं, बोलले नाही, तुमचं पाऊल त्यामुळे गेलं.

बाईने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मी त्या तयारीने गेले होते.

"का पण?" एवढंच म्हणाली.

"त्याच्यावर राग होता माझा. जुना. त्याची सगळ्यांसमोर नाचक्की व्हावी असं वाटत होतं."

तिने पायाकडे बघितलं. पांढऱ्या पट्टीत बांधलेलं अर्धं पाऊल. मग माझ्याकडे. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. कपडा चुकीचा का बेतला गेला हे विचारावं इतक्या शांतपणे तिने विचारलं,

"राग सरांवर होता ना मॅडम? मग पाय माझा का?"